मूत्रपिंडांचा रक्तप्रवाह आणि चेतासंस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि नर्सिंग-वैद्यकीय शाखांचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी होते, अवघड अपवाद शेवटाकडे आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘नस’ दोन्हींना म्हणतात. सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणजे रक्तवाहिनी, आणि कंबर धरल्यावर ‘नस दबली’ म्हणजे मेंदूकडे-मणक्याकडे संदेश नेणारा तंतू. या पानावर विषय दोन्हींचा असल्यामुळे तंतूला ‘चेता’ आणि नळीला ‘रक्तवाहिनी’ म्हटलं आहे.

१. मूत्रपिंडं तर मुठीएवढी. त्यांना इतकं रक्त कशाला लागतं?

दोन्ही मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का. तरी स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के, म्हणजे मिनिटाला १ ते १.२ लिटर रक्त या दोघांकडे जातं. १०० ग्रॅममागे हिशेब केला तर मूत्रपिंडाला मिनिटाला सुमारे ४०० मिलि मिळतं आणि मेंदूला ५० ते ५५ मिलि.

हे रक्त मूत्रपिंडाची भूक भागवण्यासाठी नसतं, गाळण्यासाठी असतं. मिनिटाला सुमारे १२५ मिलि, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड लिटरच्या आसपास सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतला जातो. रक्तातला ऑक्सिजन मूत्रपिंड फारसा वापरत नाही. लिटरभर रक्तातून ते जेमतेम १५ मिलि ऑक्सिजन काढतं, हृदयाचा स्नायू १०० मिलिहून जास्त काढतो. म्हणूनच अडचणीच्या वेळी शरीर सर्वांत आधी ज्यांच्याकडून रक्त उसनं घेतं, त्यांत मूत्रपिंड असतं.

मात्र सगळं मूत्रपिंड असं सधन नाही. सुमारे ९० टक्के रक्त बाहेरच्या थराला म्हणजे बाह्यकाला मिळतं. आतल्या मध्यांशाच्या वाट्याला उरलेलं येतं आणि तिथला ऑक्सिजनचा दाब १० ते २० मिमी पाऱ्याइतकाच असतो. रक्त कमी पडलं की पहिली इजा होते ती या काठावर जगणाऱ्या भागाला.

२. मूत्रपिंडात नेमक्या कोणत्या चेता जातात?

बाहेरून आत आदेश आणणाऱ्या चेता अनुकंपी चेतासंस्थेच्या असतात. डॉक्टर त्यांना सिम्पथेटिक म्हणतात. त्या मज्जारज्जूच्या छातीकडच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या खंडांतून, ढोबळमानाने दहाव्या वक्षीय खंडापासून पहिल्या-दुसऱ्या कटीय खंडापर्यंत, निघतात. पोटातल्या महाधमनीजवळच्या चेतागुच्छांत त्या बदली घेतात आणि मग मूत्रधमनीच्या बाहेरच्या आवरणातून, वेल खांबावर चढावा तशा, मूत्रपिंडात शिरतात. टोकाशी त्या मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतात.

त्यांचे तंतू तीन ठिकाणी पोचतात : बारीक धमनिकांच्या भिंतींवर, रेनिन (बीपी वाढवणारी साखळी सुरू करणारा पदार्थ) साठवणाऱ्या पेशींवर, आणि सोडियम परत घेणाऱ्या सूक्ष्मनलिकांवर. या तिन्ही जागा लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यांच्यावरच उभी आहेत.

उलट दिशेने, मूत्रपिंडाकडून वर खबर नेणाऱ्या चेताही असतात. त्या सर्वांत दाट असतात मूत्रद्रोणीच्या, म्हणजे लघवी जमा होऊन मूत्रवाहिनीत उतरते त्या नरसाळ्याच्या, भिंतीत. ताण आणि रासायनिक बदल या दोन्हींची त्यांना जाणीव होते (प्रश्न ९).

३. परानुकंपी चेता काही करत नाहीत का?

हृदय, आतडी, मूत्राशय इथे अनुकंपी आणि परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) अशी जोडी असते, म्हणून हा प्रश्न पडतो. मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहावर परानुकंपी चेतांचा महत्त्वाचा ताबा दाखवता आलेला नाही. इथे प्रवाह वाढवायचा तर अनुकंपी चेतांचा जोर कमी केला जातो. वेगळा ‘उघड’ म्हणणारा आदेश नाही, ‘आवळ’ म्हणणारा आदेश सैल पडतो इतकंच.

४. म्हणजे रक्तप्रवाह या चेताच चालवतात?

नाही, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. रोजचा कारभार मूत्रपिंड स्वतः पाहतं. सरासरी रक्तदाब साधारण ८० ते १८० मिमी पाऱ्याच्या दरम्यान कुठेही असला तरी प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. त्यामागे दोन घरगुती यंत्रणा आहेत. पहिली : दाब वाढून धमनिकेची भिंत ताणली गेली की तिथला स्नायू काही सेकंदांत आपणहून आकसतो. दुसरी थोडी संथ : सूक्ष्मनलिकेच्या वाटेवर मॅक्युला डेन्सा नावाचा पेशींचा ठिपका असतो. तिथून जाणाऱ्या मिठाचं प्रमाण वाढलं की तो अ‍ॅडेनोसिनमार्फत त्याच गाळणीच्या आत येणाऱ्या धमनिकेला आवळायला सांगतो.

चेता पूर्ण तोडल्या तरी या दोन्ही यंत्रणा चालू राहतात. निरोगी माणूस शांत पडलेला असेल तर त्याच्या मूत्रपिंडांकडे येणारा चेतांचा जोर इतका मंद असतो की तो काढून टाकल्याने प्रवाहात फारसा फरक पडत नाही. चेतांचा हात दिसतो तो शरीर संकटात असताना.

चेता तोडल्यावर लघवी मात्र वाढते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच प्राण्यांमध्ये हे दाखवलं होतं : ज्या बाजूची चेता कापली त्या बाजूच्या मूत्रपिंडातून जास्त लघवी. असं का, ते पुढच्याच उत्तरात येईल.

५. चेतांचा जोर वाढत गेला की आत काय क्रमाने घडतं?

प्राण्यांमध्ये या चेतांना विजेचे मोजून झटके देऊन हा क्रम लावलेला आहे, आणि तो फार बोलका आहे.

सेकंदाला अर्ध्या झटक्याच्या आसपास, म्हणजे अगदी हलक्या उत्तेजनेत, फक्त रेनिन जास्त सुटू लागतं. हे बीटा-१ ग्राहींमार्फत होतं (ग्राही म्हणजे पेशीवरची संदेश टिपणारी जागा). रक्तप्रवाह जागचा हलत नाही, लघवीतलं सोडियमही तेवढंच राहतं.

सेकंदाला एकाच्या आसपास गेलं की सूक्ष्मनलिका सोडियम आणि पाणी जास्त ओढून घेऊ लागतात. हे अल्फा-१ ग्राहींचं काम. प्रवाह अजूनही तसाच. (बेर्नारच्या प्राण्यांत नेमकी हीच ओढ सुटली, म्हणून लघवी वाढली.)

दोनच्या पुढे गेलं की धमनिका आवळू लागतात, प्रवाह घटतो, पाठोपाठ गाळण्याचा वेगही घटतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसोबत एटीपी आणि न्यूरोपेप्टाइड वाय हे दोन रासायनिक पदार्थही चेताटोकांतून सुटतात. जोर जास्त असेल तेव्हा त्यांचा वाटा वाढतो.

रक्त तोडणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी शरीर मीठ वाचवतं आणि रेनिनची साखळी जागी करतं. ‘माझा रक्तप्रवाह नॉर्मल आहे, म्हणजे चेतांचा काही त्रास नाही’ हे अनुमान म्हणूनच चुकीचं ठरतं. उच्च रक्तदाबात चेतांचा बराचसा उपद्रव पहिल्या दोन पायऱ्यांवरच होऊन गेलेला असतो.

६. ‘आत येणारी’ आणि ‘बाहेर जाणारी’ धमनिका यांत एवढा फरक का करतात?

कारण गाळणी दोन नळांच्या मध्ये बसवलेली आहे. शरीरात इतरत्र धमनिकेनंतर केशवाहिन्या आणि मग शीर असा क्रम असतो. इथे केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या, म्हणजे ग्लोमेरुलसच्या, दोन्ही बाजूंना धमनिकाच असते. त्यामुळे गुच्छातला दाब ६० मिमी पाऱ्याच्या आसपास उंच राहतो आणि त्या दाबावरच गाळण्याचं काम चालतं.

बागेतल्या पाइपाला मध्ये भोक आहे असं समजा. नळाकडची बाजू दाबली तर भोकातून उडणारी धार मंदावते, पलीकडची बाजू दाबली तर धार उंच उडते. दोन्ही वेळा पाइपातून पुढे जाणारं पाणी कमीच होतं. अनुकंपी चेता दोन्ही धमनिका आवळतात, आत येणारीला जरा जास्त. त्यांनीच रेनिनमार्फत जागं केलेलं अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारं संप्रेरक मात्र बाहेर जाणारीवर जास्त जोर धरतं. दोन्हींचा मेळ बसून मध्यम ताणात रक्त बरंच कमी झालं तरी गाळण्याचा वेग त्या मानाने कमी घसरतो. एरवी येणाऱ्या रक्तद्रवाच्या, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या, २० टक्के गाळला जातो (६२५ पैकी १२५ मिलि), ताणात हे प्रमाण वाढतं. ताण फारच वाढला तर हा बचावही कोलमडतो.

७. व्यायाम करताना मूत्रपिंडांना कमी रक्त मिळतं म्हणे. मग व्यायाम धोक्याचा का?

कमी मिळतं हे खरं. जोरदार व्यायामात ते विश्रांतीच्या एक चतुर्थांशावर येऊ शकतं. मिनिटाला लिटरभराच्या जागी पाव लिटर. वाचलेलं रक्त स्नायूंकडे जातं. निरोगी माणसाला याने काही होत नाही. प्रश्न १ मध्ये पाहिलं तसं मूत्रपिंडाकडे गरजेपेक्षा जास्त असतं आणि व्यायाम थांबल्यावर उसनवारी फिटते. जोराच्या व्यायामानंतर लघवीत थोडी प्रथिनं दिसणं हीसुद्धा याच काळातली तात्पुरती गोष्ट आहे, म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी २४ तास जोराचा व्यायाम टाळून करावी.

धोका तयार होतो तो बेरजेने : तासन्‌तास श्रम, कडक ऊन, पाणी कमी, आणि वर वेदनाशामक गोळी. वारीत पायाला फोड आले म्हणून, ऊसतोडीवर कंबर धरली म्हणून किंवा मॅरेथॉनच्या आदल्या रात्री ‘खबरदारी’ म्हणून घेतलेली गोळी या बेरजेत कशी बसते, ते प्रश्न ११ मध्ये वाचा.

८. भीती वाटली की लघवीला येते. पण भीतीने तर अनुकंपी चेता चेततात आणि लघवी कमी व्हायला हवी ना?

व्हायला हवी आणि तयार कमीच होते. परीक्षेच्या हॉलबाहेर किंवा रंगमंचाच्या विंगेत जी घाई होते ती मूत्राशयाची असते. लघवी आधीच जमलेली असते, तणावात मूत्राशयाची जाणीव तीव्र होते आणि मेंदूचा आवर ढिला पडतो. जाऊन आल्यावर दर वेळी थोडीशीच होते, यावरूनच ते कळतं.

उलट प्रकार पाण्यात उतरल्यावर होतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाच्या कप्प्यांतले ताण मोजणारे ग्राही ‘रक्त भरपूर आहे’ असं कळवतात, मूत्रपिंडाकडच्या चेता शांत होतात, इतर संप्रेरकंही त्याच दिशेने बदलतात आणि खरोखर जास्त लघवी तयार होते. दिवसभर पायांवर सूज साठणाऱ्यांना रात्री आडवं झाल्यावर वारंवार उठावं लागतं त्यामागेही हेच आहे. अशा लोकांनी संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवले तर काहींची रात्रीची एखादी फेरी वाचते.

९. मुतखडा एका बाजूला, पण दुखतं जांघेत. आणि दुसऱ्या मूत्रपिंडावर काही परिणाम होतो का?

मूत्रद्रोणी आणि मूत्रवाहिनी ताणली गेल्याची खबर वर नेणाऱ्या चेता ज्या मज्जाखंडांत शिरतात, त्याच खंडांत कुशीची, जांघेची आणि वृषणाच्या किंवा योनीच्या बाहेरच्या भागाची संवेदनाही येते. मेंदूला पत्ता नीट लागत नाही आणि तो त्वचेचा पत्ता धरतो.

दुसऱ्या मूत्रपिंडाचा भाग जास्त रंजक आहे. एका मूत्रद्रोणीत दाब वाढला की निरोगी प्राण्यांत दुसऱ्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतांचा जोर कमी होतो आणि ते जास्त सोडियम बाहेर टाकू लागतं. भावाने खांदा टाकला तर दुसऱ्याने भार उचलावा, असा हा प्रतिक्षिप्त व्यवहार. हृदय निकामी होऊ लागल्यावर तो मंदावतो.

दोन्ही बाजूंनी लघवी पूर्ण बंद झाली असेल तर मात्र ‘चेतांचं काहीतरी असेल’ म्हणून थांबू नका. एकच मूत्रपिंड कार्यरत असणं किंवा दोन्ही बाजूंना अडथळा असणं ही कारणं जास्त संभवतात. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) करायला हवं. सोबत ताप-थंडी असेल तर वेळ तासांत मोजा.

१०. जुलाब-उलट्या किंवा रक्तस्रावात मूत्रपिंड किती तग धरतं?

रक्ताचं प्रमाण घटलं की मानेतल्या कॅरोटिड धमनीतले आणि महाधमनीतले दाबग्राही कमी संदेश पाठवू लागतात आणि मेंदू अनुकंपी चेतांची पकड वाढवतो. बीपीचा आकडा अजून बरा दिसत असतानाही लघवी कमी होऊ लागते. त्या अर्थाने लघवी हे बीपीपेक्षा आधी बोलणारं मीटर आहे. मोठ्या माणसाची लघवी तासाला किलोमागे ०.५ मिलिच्या खाली गेली, म्हणजे ६० किलोच्या माणसाची ३० मिलिच्या खाली, आणि सहा तास तशीच राहिली तर ती मूत्रपिंडाला तीव्र इजा होत असल्याची खूण धरली जाते. क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणं ही दुसरी खूण.

या टप्प्यावर द्रव भरून काढला तर मूत्रपिंड बहुधा पूर्ण सावरतं. आवळ तासन्‌तास तशीच राहिली तर मध्यांशाजवळच्या नलिकांच्या पेशी मरू लागतात. त्यानंतर रक्तप्रवाह परत आला तरी लघवी आणि क्रिएटिनिन पूर्ववत व्हायला दिवस किंवा आठवडे लागतात.

घरी जुलाब सुरू झाले की पहिल्या तासापासून ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, सहसा एका मोठ्या पाकिटाला एक लिटर. अर्ध्या पाण्यात केलेलं दाट ओआरएस जुलाब वाढवतं. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर प्रश्न १२ लगेच वाचा.

११. एखादी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाचं एवढं काय बिघडवते?

बाकी सगळं ठीक असेल तर बहुधा काहीच नाही. घोटाळा समजून घ्यायचा तर एक गोष्ट माहीत हवी : चेता आणि अँजिओटेन्सिन धमनिका आवळू लागले की मूत्रपिंड स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करतं आणि आत येणारी धमनिका थोडी उघडी धरून ठेवतं. बाहेरून आवळ, आतून आधार. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं, आणि आधारही त्यामुळेच जातो.

पाणी भरपूर आणि चेता शांत असताना आधाराची गरजच नसते, म्हणून तरुण निरोगी माणसाला दोन दिवसांच्या गोळीने काही होत नाही. तीच गोळी उन्हात घाम गाळलेल्या, जुलाब झालेल्या, हृदय किंवा यकृत कमकुवत असलेल्या माणसाने घेतली की प्रवाह एकदम कोसळू शकतो. आपल्याकडे अंगदुखीला मेडिकलमधून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत यातलं एक औषध मिसळलेलं असतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नुसतं पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतलं तर मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहासाठी ते बरंच सुरक्षित आहे.

गंमत अशी की मुतखड्याच्या कळेवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन उत्तम लागू पडतं, त्याचं एक कारणही हेच : प्रवाह आणि गाळणं घटल्याने अडलेल्या मूत्रद्रोणीतला दाब उतरतो. डॉक्टर ते एकदाच, पाण्याचं प्रमाण आणि क्रिएटिनिन पाहून देतात. तीच गोळी घरी आठवडाभर घेणं ही दुसरीच गोष्ट झाली.

१२. बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं. गोळीने किडनी खराब केली का?

गोळी ‘-प्रिल’ (रामिप्रिल, एनालाप्रिल) किंवा ‘-सार्टन’ (टेल्मिसार्टन, लोसार्टन) असेल तर थोडी वाढ अपेक्षितच असते. या गोळ्या अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखतात, बाहेर जाणारी धमनिका सैल होते आणि गुच्छातला दाब उतरतो (प्रश्न ६ मधला पाइप आठवा). गाळण्याचा आकडा जरा घसरतो, पण गाळणीवरचा भार कमी होऊन ती जास्त वर्षं टिकते. सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. त्याहून जास्त झाली तर मूत्रधमनी अरुंद आहे का, पाणी कमी पडतंय का, वेदनाशामक चालू आहे का, हे शोधतात.

घात करणारी तिकडी अशी : वरची गोळी, सोबत लघवीची गोळी, आणि त्यात वेदनाशामक. लघवीच्या गोळीने द्रव कमी होतो, वेदनाशामक आत येणारा नळ आवळू देतं, ‘-प्रिल’ बाहेरचा नळ सैल ठेवतं. गुच्छात दाब उरतच नाही. जुलाब-उलट्या असताना ‘-प्रिल’, ‘-सार्टन’ आणि लघवीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवा. आजारी पडल्यावर रात्री अकराला विचारायला कोणी सापडत नाही.

बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल) रेनिन सोडण्याची पायरी अडवतात. क्लोनिडिन मेंदूतूनच चेतांचा जोर कमी करतं. ते एकदम बंद केलं की बीपी उसळतं, त्यामुळे डोस चुकवायचा नाही.

बरीच वर्षं बीपी जास्त असलेल्यांसाठी एक जादा सूचना : प्रश्न ४ मधली ८० ते १८० ही पट्टी त्यांच्यात वरच्या बाजूला सरकलेली असते. म्हणून १७० असलेलं वरचं बीपी दोन दिवसांत १०० वर आणायचं नसतं.

१३. आयसीयूत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लावलंय. तेच तर मूत्रपिंड आवळतं ना?

प्रश्न रास्त आहे. निरोगी माणसाला दिलं तर ते मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळेल. पण जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये शरीरभरच्या वाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि दाब इतका खाली असतो की मूत्रपिंडाची स्वतःची यंत्रणा हरलेली असते. तिथे सरासरी दाब ६५ मिमी पाऱ्यापर्यंत नेणं हेच मूत्रपिंडाच्या फायद्याचं असतं आणि बऱ्याच रुग्णांत त्यानंतर लघवी वाढते.

याच्या उलट ‘किडनीसाठी’ म्हणून कमी मात्रेत डोपामिन देण्याची पद्धत अनेक वर्षं होती. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ३२८ रुग्णांच्या चाचणीत त्याने मूत्रपिंड वाचत नाही हे स्पष्ट झालं. लघवी थोडी वाढलेली दिसली तरी तो संरक्षणाचा पुरावा नसतो.

१४. यकृताच्या आजारात निरोगी मूत्रपिंड कसं बंद पडतं?

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालं की, आतड्यांकडच्या वाहिन्या सैल पडतात, रक्त तिथे साचतं आणि बाकी शरीराला ते कमी पडल्यासारखं वाटतं. अनुकंपी चेता आणि रेनिन पूर्ण ताकदीने मूत्रपिंड आवळतात. रचनेत मूत्रपिंड धडधाकट असतं. १९६९ मध्ये अशा रुग्णांची मूत्रपिंडं मृत्यूनंतर इतरांना बसवली गेली तेव्हा ती काम करू लागली. उपचार म्हणून टेर्लिप्रेसिन आणि अल्ब्युमिन देतात. आतड्यांकडच्या वाहिन्या आवळल्या की मूत्रपिंडाची आवळ सुटते. कायमचा उपाय यकृत प्रत्यारोपण.

१५. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या चेता तर कापलेल्या असतात. ते चालतं कसं?

छान चालतं, आणि प्रश्न ४ चं उत्तर सिद्ध करायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं तेव्हापासून हे दिसतं आहे. नवं मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला ठेवून त्याची धमनी तिथल्या इलिअ‍ॅक धमनीला जोडतात. चेता कोणी जोडत नाही. त्या जोडण्याजोग्या नसतातच. पुढच्या महिन्यांत अनुकंपी तंतू काही प्रमाणात आपणहून परत वाढतात.

रोजच्या व्यवहारात दोन फरक पडतात. एक, वेदना वर नेणाऱ्या चेता नसल्याने या मूत्रपिंडात खडा अडकला तरी नेहमीची जीवघेणी कळ येत नाही. लघवी कमी होणं, ताप, क्रिएटिनिन वाढणं एवढ्याच खुणा मिळतात. ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे लागू नाही. दुसरा फरक : नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं आत येणारी धमनिका आवळतात, म्हणून त्यांची रक्तातली पातळी जपावी लागते आणि प्रश्न ११ मधली वेदनाशामकं कटाक्षाने टाळावी लागतात.

१६. मग प्रत्यारोपणानंतरही बीपी जास्तच का राहतं?

कारणं अनेक, औषधं त्यांत पुढे. पण एक कारण जुन्या मूत्रपिंडांत असतं. ती सहसा आतच ठेवतात आणि त्यांच्या चेता शाबूत असतात. १९९२ मध्ये डायलिसिसवरच्या रुग्णांच्या पायातल्या चेतांचे संदेश मोजले तेव्हा ज्यांची मूत्रपिंडं आत होती त्यांच्यात अनुकंपी जोर फार वाढलेला आढळला, दोन्ही काढून टाकलेल्यांत तो नव्हता. आजारी मूत्रपिंड गाळण्याचं काम सोडतं, पण तक्रारी वर पाठवणं सोडत नाही.

१७. बीपीसाठी या चेता जाळण्याचा उपचार निघालाय. घ्यावा का?

मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून मूत्रधमनीच्या आतून, भिंतीपलीकडच्या चेतांना रेडिओलहरींची किंवा अल्ट्रासाउंडची उष्णता देतात. चेता भिंतीबाहेर काही मिलिमीटर अंतरावर असतात आणि धमनीच्या पुढच्या शाखांपाशी त्या आतल्या पोकळीच्या जास्त जवळ येतात. म्हणून फक्त मुख्य धमनीत केलेलं काम अपुरं पडतं. दुखतं, त्यामुळे गुंगीचं औषध लागतं.

इतिहास चढउताराचा आहे. १९४०च्या दशकात याच हेतूने मोठी शस्त्रक्रिया करत. बीपी उतरे, पण उभं राहिलं की माणूस चक्कर येऊन पडे. कॅथेटरच्या पद्धतीचे २००९ चे पहिले निकाल झगमगीत होते. २०१४ मध्ये ५३५ रुग्णांच्या चाचणीत अर्ध्याअधिक रुग्णांवर खरी आणि बाकीच्यांवर नुसती दाखवायची प्रक्रिया केली, तर फरकच उरला नाही. अपुरी जाळणी आणि चाचणी चालू असताना बदललेली औषधं ही त्याची कारणं मानली गेली. सुधारित उपकरणांनी पुढे बहुतेक चाचण्यांत, सगळ्या नव्हे, वरचं बीपी दाखवायच्या प्रक्रियेपेक्षा ४ ते ६ अंकांनी जास्त उतरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन उपकरणांना मान्यता दिली.

आमचं मत : तीन औषधं योग्य मात्रेत, नियमित घेऊनही बीपी आटोक्यात नसेल आणि अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकाचा अतिरेक, मूत्रधमनीचं अरुंदपण, झोपेत श्वास अडकणं ही कारणं तपासून झाली असतील, तर विचार करण्यासारखा उपचार. गोळ्यांचा कंटाळा आला म्हणून नव्हे, कारण बहुतेकांच्या गोळ्या सुटत नाहीत. गाळण्याचा वेग आधीच बराच कमी असेल किंवा धमनी फार बारीक असेल तर तो सहसा करत नाहीत. मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह याने ‘सुधारतो’ अशी जाहिरात दिसली तर प्रश्न ४ पुन्हा वाचा.

१८. मधुमेहात चेता बिघडतात. मूत्रपिंडांकडच्याही बिघडतात का?

हो, आणि त्याची खूण रक्तप्रवाहात नव्हे, पोटॅशियममध्ये दिसते. बीटा-१ मार्गाने रेनिन सोडवणारा हात लुळा पडतो, रेनिन कमी म्हणून अल्डोस्टेरॉन कमी, आणि पोटॅशियम बाहेर पडत नाही. क्रिएटिनिन थोडंसंच वाढलेलं आणि पोटॅशियम मात्र ५.५ च्या वर, असा विसंगत रिपोर्ट आला तर हे आठवावं. अशा माणसाला ‘अशक्तपणा’वर रोज शहाळं देऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

१९. मज्जारज्जूला इजा झालेल्यांचं काय?

सहाव्या वक्षीय खंडाच्या वर इजा असेल तर खालच्या अनुकंपी चेतांवर मेंदूचा लगाम राहत नाही. एरवी बीपी ९० ते ११० असतं, आणि भरलेलं मूत्राशय किंवा मुरगळलेला कॅथेटर एवढ्यानेही ते एकदम चढतं. सोबत डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम येतो. नेहमीपेक्षा २० ते ४० अंक जास्त म्हणजे आणीबाणी. आधी उठून बसवा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटरची नळी सरळ करा, मग शौच अडकलंय का पाहा. बीपी उतरत नसेल तर लगेच रुग्णालय.

२०. हा प्रवाह आणि चेतांचा जोर मोजता येतो का? सोनोग्राफीत दिसतो का?

प्रवाहाची जुनी, विश्वासू पद्धत पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्लाची. हा पदार्थ एका फेरीतच रक्तातून जवळजवळ पूर्ण काढला जातो. लघवीतलं प्रमाण मिलिमागे १२ मिलिग्रॅम, लघवी मिनिटाला १ मिलि, रक्तद्रवातलं प्रमाण मिलिमागे ०.०२ मिलिग्रॅम असेल तर १२ × १ ÷ ०.०२ = मिनिटाला ६०० मिलि रक्तद्रव. प्रत्यक्षात ९० टक्केच काढलं जातं, म्हणून ०.९ ने भागून ६६७. रक्तात ४५ टक्के पेशी धरल्या तर ०.५५ ने भागून सुमारे १२१० मिलि रक्त. विद्यार्थी नेमकी ही शेवटची पायरी विसरतात आणि रक्तद्रवाचा आकडा रक्ताचा म्हणून लिहितात.

डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताचा वेग आणि रोधनिर्देशांक (वाहिन्यांतला अडथळा दाखवणारा आकडा) कळतो. ०.७ पर्यंत तो ठीक समजतात. पण तो वय, नाडीचा वेग आणि महाधमनीचा कडकपणा यांनीही बदलतो, त्यावरून चेतांबद्दल काही म्हणता येत नाही. चेतांचा जोर मोजायचा तर मूत्रशिरेत कॅथेटर घालून तिथे किती नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सांडतं ते पाहावं लागतं, आणि ते संशोधनापुरतंच होतं. ‘किडनीच्या नसांची तपासणी’ असं पॅकेज कोणी विकत असेल तर तो बहुधा साधा डॉप्लर असतो, रक्तवाहिन्यांचा.